कोणासाठी शिवावे?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 9:36-42, लूक 14:28-30



खरिपाची सुगी आटोपून थंडी पडू लागली, म्हणजे आपल्या मंडळ्यांतील भगिनी दोन-तीन दिवस एके ठिकाणी जमून प्रार्थना करितात व गोधड्या शिवितात. तेथे कोणते काम न्यावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्यात आपले अंतःकरण प्रकट होते.

पहिली गोष्ट, निवड. यापो येथील दुर्कस मरण पावली, तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या. ज्यांना तिने पांघरविले त्यांचे अश्रू हीच तिच्या कामाची साक्ष होती. म्हणून कोणती नक्षी घ्यावी, ह्याच्या आधी कोणासाठी शिवावे, हे ठरवावे. एके वर्षी आम्हीच मेळाव्यात रंगीत नक्षीची फार वाखाणणी केली. परत येताना आमच्याच मंडळीतील एक वृद्ध आई पोते पांघरून निजलेली दिसली. तिची आठवण कोणासही झाली नव्हती. तो दोष भगिनींचा नव्हे, पाळकाचा होता.

दुसरी गोष्ट, हिशेब. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने शिकविले. मोठी गोधडी एकटीच्या हातून दोन दिवसांत पुरी होणे कठीण. चौघींनी मिळून ती घ्यावी. एकटीने बाळाचे दुपटे घ्यावे. गतवर्षीचे काम अर्धे राहिले असेल, तर आधी तेच न्यावे. चार अपुऱ्या गोधड्यांनी एकाचीही थंडी जात नाही.

तिसरी गोष्ट, तयारी. जुनी लुगडी व धोतरे घरीच धुऊन वाळवावी आणि विरलेला भाग कापून टाकावा. नवे कापड घालणे असल्यास तेही आधी भिजवून घ्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते व जुन्यास फाडते. कोऱ्या ठिगळाचा दाखला (मत्तय 9:16) आपणांस ठाऊकच आहे. थर सारखे पसरून कच्चे टाके घालून ठेवावे, म्हणजे मेळाव्याचा वेळ शोधाशोधीत जाणार नाही. मात्र हे लुगडे कोणाच्या घरचे, कोणत्या वाड्यातले, असे कोणी पुसू नये. एका दोऱ्याने शिवलेल्या थरांत उच्चनीच उरत नाही. मग एका प्रभूने जोडलेल्या मंडळीत ते का उरावे?

उपदेशक बंधूंनो, मेळाव्याच्या आधी घरोघर जा. कोणाजवळ पांघरूण नाही ते पाहा आणि भगिनींना एकांती सांगा, म्हणजे घेणाऱ्यास लाज वाटणार नाही. नावे आधी, कापड मागून.

ज्याने आपणांस तारणाचे वस्त्र फुकट दिले, तो प्रभू आपल्या हातांचे काम सिद्धीस नेवो. आमेन.