गाठ कुणाची?

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकून उत्तनकडे निघालं की डोंगरी लागतं. आंबा, करंज, उंबर ही इथली परसातली, कुंपणाकडेची नेहमीची झाडं. आंब्याचं पान उलटसुलट करून पाहिलं तर त्यावर मोहरीएवढ्या पुटकुळ्या दिसतात. रोग पडला म्हणून फवारणीकडे धावण्याआधी जरा थांबावं. प्रत्येक पुटकुळी हे कुणाचं तरी घर आहे, आणि ते झाडाने स्वतःच्या पेशींनी बांधून दिलेलं आहे.

पालवी तांबूस, लवलवती असते तेव्हा मिजमाशीची मादी तिच्यात अंडी घालते. अळी वाढते तशा भोवतीच्या पेशी फुगत जातात आणि तिच्याभोवती खोली तयार होते. हीच गाठ. जून पानात हे साधत नाही. वाढत्या अंगालाच वेगळं वळण लावता येतं. भाताच्या पोंग्याचा पोकळ नळ करणारी गादमाशी हिच्याच कुळातली.

माती झाडाची, पण आराखडा पाहुण्याचा. एका करंजावरच पाहा. पानावर बोटांसारख्या उभ्या राहतात त्या गाठी एका कोळ्याच्या. तो कीटक नव्हे. चार पायांचा आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याच करंजाच्या फुलात दुसरीच एक गादमाशी शिरली तर शेंगेच्या जागी गोल गाठ धरते. झाड तेच, घरं दोन. उंबराच्या पानावरचे फोड आणखी तिसऱ्याचे, सायला नावाच्या रस शोषणाऱ्या किड्याचे. म्हणून गाठ ओळखताना आधी झाड ओळखावं, मग गाठ कुठे आहे ते, मग तिचा आकार.

आपल्या घरांत गाठी फार पूर्वीच आल्या आहेत. बाळाच्या गुटीत उगाळतात ते मायफळ हे फळच नव्हे. पश्चिम आशियातल्या एका ओकवर गांधीलमाशीच्या दूरच्या नातलगाने करवलेली ती गाठ आहे. काकडशिंगीही तशीच, हिमालयातल्या झाडावर माव्याने केलेली पोकळ शिंगं. मायफळाला भोक असेल तर धनी उडून गेला. नसेल तर तो आतच राहिला, आणि व्यापारात असंच बिनभोकाचं, जड मायफळ सरस मानतात.

परसातली गाठही ब्लेडने चिरून पाहावी. कोळ्याच्या गाठीला खालून तोंड असतं, मिजमाशीची बंद असते. चिरायची नसेल तर पान बाटलीत ठेवून तोंडाला मलमल बांधावी. काही दिवसांनी आत हिरव्या चकाकीची, टाचणीच्या टोकाएवढी माशी फिरताना दिसेल, आणि आपण तिलाच घरधनी समजू. पुष्कळदा ती धन्याला खाऊन मोठी झालेली असते. अशा वेळी पुन्हा पानाकडेच वळावं. आंब्याचं पान, गोल, बंद पुटकुळी. बाहेर कुणीही पडो, बांधणारी मिजमाशीच.