फुटलेले गुपित आणि न्यायासन

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक आमच्या बेळगावच्या कचेरीत आले. वय सत्तरीच्या पुढचे, पोशाख नीटनेटका, आवाज मात्र दबलेला. बसण्यापूर्वी त्यांनी दार लोटून घेतले. मग सांगितले, की कोणा अपरिचिताने दूरध्वनीवरून त्यांना स्वस्त औषधे देऊ केली आणि बोलता बोलता एका गोळीचे नाव घेतले. ती गोळी ते बारा वर्षे घरच्यांच्या नकळत घेत आले होते. ज्या रुग्णालयात उपचार चालतात तेथे चौकशी केली, तेव्हा 'मागे संगणकात काही गडबड झाली होती' एवढेच उत्तर मिळाले. "वकीलसाहेब, माझा पैसा गेला नाही, कोणी धमकावलेही नाही. मग मी फिर्याद कशाची करू?"

गुरुजींच्या या प्रश्नाने आम्हांस बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. ज्याची हानी रुपयांत मोजून दाखवता येत नाही त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणावे काय? आणि झाला असल्यास त्याचे देणे कोणी, कोणाचे फेडावे?

वैद्याने रोग्याच्या घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये हा दंडक फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना जी बंधने घातली आहेत त्यांत तो आहे. रोगी वैद्यापुढे जे उघडे करतो ते सख्ख्या भावापुढेही करीत नाही, आणि तसे केल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. ठेव ठेवायची असली म्हणजे माणूस चार पेढ्या पाहून येतो. अंगात ताप भरलेला माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. गरजेपोटी टाकलेल्या या विश्वासाची जोखीम घेणाऱ्यावर अधिक असावयास हवी.

तो मोडला म्हणजे काय घडते हे फिनलंडने पाहिले. तेथे वास्तामो नावाची मानसोपचार देणारी खाजगी संस्था होती. तिच्या संगणकातून सुमारे ३३,००० रुग्णांची टिपणे चोरीस गेली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ही गोष्ट उघड झाली. चोराने प्रथम संस्थेकडे खंडणी मागितली. ती मिळाली नाही तेव्हा तो थेट रुग्णांकडे वळला: चोवीस तासांत दोनशे युरो द्या, नाहीतर उपचारकापुढे जे बोललात ते जगापुढे मांडू. एका तरुणावर खटला चालला. त्याने आरोप नाकारले, तरी जिल्हा न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्यास सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा दिली व तो अपिलात गेला. ज्या संस्थेने कपाटाला कुलूप लावले नाही तिला डिसेंबर २०२१ मध्ये ६,०८,००० युरोंचा दंड झाला. परंतु फेब्रुवारीतच तिचे दिवाळे निघाले होते. आणि तो वसूल झाला असता तरी दंडाचा पैसा सरकारचा. रुग्णाला त्यातून काय मिळावयाचे होते?

विधी महाविद्यालयात शिकलेला एक खटला येथे आम्हांस आठवतो. इंग्लंडमधील अ‍ॅश्बी नामक मतदारास अधिकाऱ्याने मत देऊ दिले नाही. त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, म्हणजे व्यवहारात नुकसान शून्य. तरीही १७०३ साली न्यायमूर्ती होल्ट यांनी त्याच्या बाजूने मत दिले आणि पुढे लॉर्डसभेने तेच मान्य केले. हक्क पायदळी तुडवला गेला हीच इजा, असा तो सिद्धांत. तीनशे वर्षांनंतर न्यायालये या प्रश्नावर पुन्हा दुभंगली आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ या खटल्यात म्हटले, की चुकीची नोंद कंपनीच्या दप्तरात पडून राहिली, बाहेर कोणाला गेली नाही, तर ज्यांची ती नोंद आहे त्यांना नुकसानभरपाईसाठी दावा लावता येत नाही. बदनामीचे पत्र लिहून खणात ठेवले तर बदनामी होत नाही, तसेच हे. उलट युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, बल्गेरियाच्या करखात्यातून माहिती चोरीस गेली त्या प्रकरणी, आपल्या माहितीचा पुढे दुरुपयोग होईल ही भीतीदेखील भरपाईयोग्य हानी ठरू शकते असा निर्णय दिला. खणाचा दृष्टांत चतुर आहे खरा. पण खणाची किल्ली चोराच्या हाती असेल, तर त्या घरात झोप कोणाला लागेल?

आता आपल्याकडे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३-अ हे कलम म्हणते, की संवेदनशील माहिती सांभाळताना कंपनीने हयगय केली आणि त्यामुळे कोणाची अनुचित हानी वा कोणाचा अनुचित लाभ झाला, तर बाधित व्यक्तीस तिने भरपाई द्यावी. 'लाभ' हा शब्द आम्ही गुरुजींना बोटाने दाखवला. औषध विकू पाहणाऱ्याचा लाभ तोही लाभच. परंतु २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने हे कलम रद्द ठरवले आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे ते अठरा महिन्यांनी जावयाचे आहे. नव्या कायद्यात दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत, पण तो जाणार भारताच्या संचित निधीत. बाधिताला मंडळाकडे तक्रार करता येईल, भरपाई मात्र मंडळ देणार नाही. आणि तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड! देताना तो पक्षकार, घेताना नाही. माहिती फुटल्याचे प्रत्येक बाधितास कळवण्याचे बंधन हा कायदा घालतो, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. तरीही ज्याचे गुपित फुटले त्याला बाजूस सारून सरकार व कंपनी यांनी आपसांत हिशेब मिटवावा, हे आम्हांस न्यायाचे दिसत नाही.

यावर एक आक्षेप सबळ आहे. हजारो रुग्णांना भीतीची भरपाई द्यावयाची म्हटली तर गावचे लहान रुग्णालय बंद पडेल, आणि मग गुरुजी गोळी घेण्यास कोठे जातील? आम्हांस तो मान्य आहे. रक्कम अल्प असावी. पण कोणाचे देणे लागतो हे तरी त्या निकालात लिहिले जावे.

उरला मार्ग ग्राहक आयोगाचा. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्यास उघड करणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे; मुदत दोन वर्षांची, अनेकांनी मिळूनही तक्रार करता येते. चोरी झाली म्हणजे 'उघड केले' होते काय, यावर वाद होईल. तेव्हा सेवेतील त्रुटी हाही मुद्दा सोबत घ्यावा. हे सर्व ऐकून गुरुजी म्हणाले, "म्हणजे मला कोणता आजार आहे ते अर्जात लिहावे लागेल." लिहावे लागेलच. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली रुग्णालयाने उघड केलेल्या अशाच एका गुपिताचा निवाडा केला. त्यात दावेदार हरला, होणाऱ्या वधूच्या जिवाचा प्रश्न असल्याने रुग्णालयाचे बोलणे क्षम्य ठरले. पण अहवालात तो माणूस केवळ 'एक्स' आहे. एवढा आडोसा प्रत्येक आयोगात सहज मिळेल अशी हमी आम्ही गुरुजींना देऊ शकलो नाही.

शेवटी त्यांनी फक्त नोटीस पाठवावयाचे ठरवले: काय फुटले, केव्हा कळले, आम्हांस का सांगितले नाही. आजाराचे नाव त्यात नाही. खाली त्यांच्या घराचा पत्ता होता, तो त्यांनी खोडावयास लावला. टपाल सूनबाई फोडतात. उत्तर आमच्या कचेरीच्या पत्त्यावर मागवले आहे.