पातं झिजतं तेव्हा

गुंजवण्यातून राजगडावर चोर दरवाजाची वाट चढते. आज चढायची घाई नको. गावाच्या कडेला, जिथून गड डोळ्यांत मावत नाही, तिथं एखाद्या दगडावर बसू. सॅक उतरवा. दम हळूहळू खाली बसू दे.

आधी पायातल्या बुटांकडे बघा. टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे? माझी उजवी नेहमी बाहेरून झिजते. गेल्या हिवाळ्यात याच वाटेवर, चोर दरवाजाच्या खालच्या खड्या टप्प्यात, तिचा तळ सुटला. सुतळीनं आवळून बांधला आणि तसाच उतरलो. त्या दिवशी प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागलं. कुठला दगड हलतो, कुठं मुरुम घसरतो, अजून सांगू शकतो. एरवी इतक्या वेळा गड केला, पण ती उतरण्याची वाट जशी आठवते तशी दुसरी कुठली नाही.

आता मनात प्रश्न घेऊ. रोल-प्लेइंग गेममध्ये तलवार झिजते, चिलखत फाटतं. त्यानं आपण त्या जगात जास्त रमतो का? उत्तर देऊ नका. तुमच्या हातात शेवटचं हत्यार मोडलं तो क्षण तेवढा आठवा.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) हत्यार मोडायला आलं की तशी सूचना येते. आणखी काही वार, आणि ते फुटून नाहीसं होतं. मग मिळेल ते उचलायचं, झाडाची फांदीसुद्धा. त्यातली धांदल मला आवडते. पण थोड्या वेळानं माझ्या मनात हिशेब सुरू होतो: चांगली तलवार राखून ठेवू, पुढच्या मोठ्या राक्षसासाठी. हिशेब सुरू झाला की मी त्या रानात नसतो, सामानाच्या यादीत असतो.

'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) हत्यारं हातोडीनं दुरुस्त करावी लागत. 'स्कायरिम'नं (२०११) ती झीजच काढून टाकली. कटकट वाचली खरी. पण तिथली तलवार शंभर लढायांनंतरही पहिल्या दिवसासारखीच असते, आणि मला तिच्याबरोबर एकटं वाटतं.

थोडं थांबा. भातकापणीच्या दिवसांतला बांध डोळ्यांसमोर आणा. एक बाई विळा पाजवते आहे. दगडावर दोन थेंब पाणी, पातं आडवं, हात एकाच लयीत. मग धारेवर आडवा अंगठा, अगदी हलका. पुन्हा दगड. दरवर्षी पातं थोडं अरुंद होतं, मूठ तळहाताच्या घामानं काळी पडते. खुरपं बोथट झालं तर लोहाराकडे शेवटून आणायचं. खंडेनवमीला त्यालाच हळदकुंकू. ही अवजारं झिजतात म्हणून कुणी टाकत नाही. झिजतात म्हणून तर ती त्या घरची होतात.

'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८) या १४०३ सालच्या बोहेमियातल्या गेममध्ये मला हे सापडलं. तलवारीला धार लावायची तर सहाणेच्या चाकापाशी बसायचं, चाक फिरवायचं, पातं योग्य कोनात धरायचं. कोन चुकला तर पातंच खराब होतं. पहिल्यांदा मी वैतागलो. नंतर लढाई संपली की आपसूक चाकाकडे जायला लागलो, आणि केव्हातरी लक्षात आलं की तलवारीच्या झिजेच्या आकड्याकडे बघायचं मी विसरलोय. झीज आकड्यातून हातात आली की मी आत असतो. नुसता आकडा उतरत राहिला तर बाहेर.

आता मान वर करा. इथून संजीवनी माची नीट दिसणार नाही, मनानं जा. तिथं चिलखती बुरूज आहेत. बुरुजाला बाहेरून दुसरी भिंत, मध्ये माणूस फिरेल एवढी जागा. मारा आधी त्या बाहेरच्या भिंतीनं सोसायचा. बांधणाऱ्यानं बांधतानाच मोडतोड मनात धरली होती. त्या भिंतीच्या दगडावर तळहात ठेवलाय असं समजा. खडबडीत, उन्हानं कोमट. तिथंच थोडा वेळ राहा.

झालं? चला. नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधू. माझ्या उजव्या बुटाला आता मोच्यानं घातलेले टाके आहेत. अंगठा आडवा फिरवून बघतो. तिसरा टाका जरा सैल लागतोय.