सूज उतरते म्हणजे काय

'हे बाळसं नव्हे, सूज आहे' असे आपण म्हणतो तेव्हा सूज म्हणजे खोटेपणा, हे गृहीतच धरलेले असते. 'इन्फ्लमेशन'साठी शब्द शोधताना मला ही म्हण नेहमी आडवी येते. कोशातला 'शोथ' कुणी बोलत नाही. 'दाह' म्हणावे तर त्यात आग आहे, फुगणे नाही. पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे नोंदवली. चारही त्रासदायक, म्हणून चारही शत्रुपक्षात गेली. दाह हा रोग नसून इजेला दिलेले उत्तर आहे, हे जॉन हंटरने ठामपणे मांडले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1794 मध्ये छापला गेला.

पायात काटा रुततो. जवळच्या पेशी हिस्टामीन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल पडून रक्तद्रव बाहेर झिरपतो, हीच सूज. मागोमाग पांढऱ्या पेशी येतात आणि जंतू मारताना शेजारच्या निरोगी पेशींनाही इजा करतात. न्याय्य रागाचेही असेच असते, पण माझ्या मते खरा प्रश्न त्यापुढचा, थांबण्याचा आहे.

'सूज उतरली' असे आपण म्हणतो, जणू पूर आपोआप ओसरला. प्रत्यक्षात ते काम असते. ज्या मेदाम्लापासून भडका उडवणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनतात, त्याचपासून पुढे लिपॉक्सिन्स बनतात आणि नव्या पेशींचा ओघ आवरतात. मग मॅक्रोफेज पेशी लढून मेलेल्यांना गिळून जागा मोकळी करतात.

अन्याय झालेल्या माणसाला 'झालं गेलं विसरा' असे सांगणारे या कामाचा हिशेबच धरत नाहीत. काटा निघाला आहे का, हेही ते विचारत नाहीत. आत राहिलेल्या काट्याच्या टोचणीला आणि मनात राहिलेल्या दुःखाला मराठीत एकच शब्द आहे: सल. काटा तसाच राहिला तर शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधते आणि दीर्घकाळ धुमसत राहते. स्टेरॉइडने सूज दडपता येते, पण त्याने जखम भरून येणेही मंदावते.

याच्या उलटही घडते, आणि ते मला जास्त अस्वस्थ करते. ऱ्हुमॅटिक तापात घशातला स्ट्रेप्टोकॉकस बहुधा केव्हाच गेलेला असतो. त्याच्यासाठी घडवलेली प्रतिपिंडे मात्र हृदयाच्या झडपांवर चालून जातात. काटा रुतलेला पाय आणि हा ताप आलेल्या मुलाचा गुडघा, दोन्ही सारखेच लाल, सुजलेले, हाताला गरम लागतात.