विमानातला उजेड आणि व्रतातला सूर्य

मुंबईहून दुपारी लंडनला निघालेल्या विमानात चौविहार पाळणारी एखादी बाई बसलेली असते. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही, हा तिचा नेम. जेवणाचा ट्रे समोर येतो तेव्हा केबिनचं छत केशरी-जांभळं झालेलं असतं आणि खिडक्यांच्या काचा गडद निळ्या. मुंबईत दिवेलागण होऊन गेली आहे, लंडनमध्ये भर दुपार आहे, विमानाच्या पंखावर ऊन पडलेलं आहे आणि छतावरची संध्याकाळ कर्मचाऱ्यांनी बटण दाबून आणली आहे. तिने जेवावं की नाही?

दिव्याचा हा प्रश्न जैन विचारात नवा नाही. आचार्य अमृतचंद्रांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात रात्रिभोजनाची चर्चा करताना तो घेतला आहे. दिवा लावून जेवलं तर काय बिघडलं, असं कुणीतरी विचारणार हे त्यांना ठाऊक होतं. अन्नात मिसळलेले बारीक जीव सूर्यप्रकाशावाचून टाळता येत नाहीत, मग दिवा असला तरी हिंसा कशी टळेल, असा त्यांचा उलट सवाल आहे. नेमाचं मूळ घड्याळात नाही, अहिंसेत आहे. बंद केबिनमध्ये चिलटं कुठली, असं आजचा माणूस म्हणेल. पण एकदा सूर्याला साक्षी मानलं, की दिवा त्याच्या जागी बसत नाही.

इस्लाममध्येही कौल सूर्याचाच, आणि तोही माणूस जिथे असेल तिथून दिसणाऱ्या सूर्याचा. २०११ मध्ये दुबईच्या मुफ्तींनी बुर्ज खलिफामधल्या रहिवाशांना सांगितलं की ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं. ११ किलोमीटर उंचीवरच्या विमानातून क्षितिज तीन अंशांहून थोडं अधिक खाली दिसतं, त्यामुळे खालच्या गावात रोजा सुटला तरी वरच्या प्रवाशाला दहा मिनिटांहून जास्त थांबावं लागतं. विमान पश्चिमेला जात असेल तर आणखीच. सुमारे ५७ अंश अक्षांशावर ताशी ९०० किलोमीटर वेगाने पश्चिमेला उडणारं विमान पृथ्वीच्या फिरण्याशी बरोबरी करतं आणि मावळतीचा सूर्य तिथेच थबकतो. आखाती विमानांमध्ये म्हणूनच विमानाचं स्थान आणि उंची यांवरून इफ्तारची वेळ काढून प्रवाशांना सांगितली जाते. २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर अंतराळ स्थानकावर गेले. तिथे दिवसाला १६ सूर्योदय होतात. त्यांच्यासाठी मलेशियातल्या धर्मपंडितांनी मार्गदर्शिका काढली आणि ज्या जागेवरून यान सुटलं त्या बैकोनूरची वेळ प्रमाण मानली.

या निर्णयांचं मोठेपण त्यांच्या बारकाव्यात नाही, त्यांच्या स्पष्टपणात आहे. कुणाचा सूर्य धरायचा हे ते उघड सांगतात. केबिनच्या छतावरचा उजेड ते सांगत नाही.

आणि तो उजेड आता फार काही करू शकतो. पूर्वी केबिनमध्ये ट्यूबलाइट असायच्या. काचेच्या नळ्या, त्यांना लागणारे चोक, वायरिंग, हे सगळं वजन प्रत्येक उड्डाणात इंधन जाळून वाहायचं. वाचायचे दिवे हॅलोजनचे. त्यांच्या विजेतला बराच भाग उष्णतेत जायचा आणि तीही बाहेर काढायला वीज लागायची. एलईडीने हा भार हलका केला. वीज कमी, तारा बारीक, आयुष्य लांब. निळी एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या निळ्या रंगामुळेच पांढरा उजेड आणि हवी ती छटा शक्य झाली. नुसते लाल, हिरवा, निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात चेहरे आणि जेवण विचित्र दिसतं, म्हणून सोबत वेगळी पांढरी एलईडीही बसवतात. एअरबस ए३५० च्या केबिनमध्ये १ कोटी ६७ लाख छटा काढता येतात असं कंपनी सांगते. वजन वाचवायला आणलेला दिवा सकाळ-संध्याकाळ घडवणारा झाला तो असा.

डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी स्वतःच प्रकाश टिपतात आणि शरीराच्या घड्याळाला दिवसरात्रीची खबर देतात. त्या सर्वांत जास्त जाग्या होतात त्या निळ्या उजेडाने. त्यांना सूर्य आणि दिवा यांत फरक कळत नाही. व्रत ज्या दिव्याला सूर्य मानायला तयार नाही, त्याला शरीर मुकाट्याने सूर्य मानतं.

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क ते सिडनी अशी १९ तास १६ मिनिटांची चाचणी फेरी केली, ती याच जोरावर. रात्री सुटलेल्या विमानात जेवण देऊन दिवे मालवण्याची नेहमीची रीत सोडून प्रवाशांना सिडनीच्या वेळेनुसार जागं ठेवलं गेलं. सिडनी विद्यापीठाचे संशोधक सोबत होते आणि प्रवाशांना सगळं आधी सांगितलेलं होतं. यात वावगं काही नाही. माणूस ताजातवाना उतरावा ही काळजीच आहे. पण हाच उजेड न सांगता, सगळ्यांनी लवकर झोपावं आणि कर्मचाऱ्यांचं काम हलकं व्हावं म्हणून वापरला, तर प्रवाशाच्या शरीराशी त्याच्या नकळत केलेला तो व्यवहार ठरतो. फसवणूक सुखाची असली तरी तिला संमती लागते.

त्याच केबिनमध्ये पायाशी दुसरा एक उजेड आहे. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या फ्लाइट ७९७ मध्ये आग लागली. विमान सिनसिनाटीला उतरलं, तरी ४६ पैकी २३ जण वाचले नाहीत. धूर वर चढतो, त्यामुळे डोक्यावरचे दिवे आणि ‘एक्झिट’च्या पाट्या आधी झाकल्या जातात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८४ मध्ये जमिनीलगत मार्ग दाखवणाऱ्या खुणांची सक्ती केली. आज अनेक विमानांत त्या खुणा म्हणजे अंधारात हिरवट चमकणारी पट्टी असते. तिला तार नाही, बॅटरी नाही. उड्डाणाआधी केबिनचे दिवे लावून ठेवले की ती उजेड साठवते आणि वीज गेली की तो परत देते. विमानातल्या सगळ्या दिव्यांत हा सर्वांत काटकसरीचा आणि सर्वांत खरा. दार या बाजूला आहे, एवढंच तो सांगतो.

बृहदारण्यक उपनिषदात जनक याज्ञवल्क्याला विचारतो, माणसाला प्रकाश कशाचा? सूर्याचा. सूर्य मावळला तर? चंद्राचा. तोही गेला तर अग्नीचा. अग्नी विझला तर वाणीचा, कारण स्वतःचा हात दिसत नाही अशा वेळीही माणूस आवाजाच्या दिशेने जातो. वाणीही थांबली तर आत्म्याचा. ही उतरंड अध्यात्माची आहे, तरी धुराने भरलेल्या केबिनमध्ये तिची वाणीची पायरी शब्दशः खरी ठरते. काहीच दिसेनासं झालं की कर्मचारी ओरडून लोकांना दाराकडे बोलावतात. त्यांना तसं शिकवलेलंच असतं. इथे प्रकाशाचं काम रंग भरण्याचं नाही, माणसाला खरी दिशा कळू देण्याचं आहे.

म्हणून छतावरच्या पहाटेपेक्षा खिडकीची चिंता जास्त वाटते. २०११ पासून प्रवासी वाहणाऱ्या बोईंग ७८७ मध्ये खिडकीला सरकती झडप नाही. काचेखाली बटण आहे आणि काच हळूहळू काळवंडते. पूर्ण गडद केली तरी सूर्य तिच्यातून निळसर गोळ्यासारखा दिसतो. मात्र सगळ्या खिडक्या एकदम गडद करून तशाच कुलूपबंद ठेवण्याची सोय कर्मचाऱ्यांकडे असते. शेजारचा झोपला असेल तर त्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये हे बरोबरच. तरी एका माणसाला एका क्षणापुरती आपली काच उजळ करून सूर्य कुठे आहे ते पाहता यावं. वैमानिक उंची आणि बाहेरचं तापमान सांगतातच. त्यासोबत सध्या बाहेर सूर्य आहे की नाही आणि छतावरची पहाट कोणत्या गावची आहे, हेही एका वाक्यात सांगता येईल. चौविहार पाळणाऱ्या त्या बाईला तेवढं कळलं, तर ट्रे घ्यायचा की परत करायचा हे ती स्वतःच ठरवू शकेल.