तुटक रेघेतली जागा

परवा माझी भाची कॉम्प्युटरवर घर ते शाळा असा नकाशा काढत बसली होती. रस्ता तुटक रेघेने दाखवायचा होता. मला वाटायचं, आधी सलग रेघ ओढायची आणि मग मधेमधे पुसायची. तसं नसतं. एसव्हीजी या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये तुटक रेघेसाठी दोन आकडे देता येतात. पहिला रेघेच्या तुकड्याचा, दुसरा मोकळ्या जागेचा. तिने दिले १० आणि ४. कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या जुन्या ओपनजीएल प्रणालीतही तोच प्रकार. तिथे १६ घरांचा साचा असे. १ असेल तिथे रंग, ० असेल तिथे कोरं. म्हणजे कोरं सोडायचं तर तेही लिहूनच द्यावं लागे.

गंमत पुढे झाली. तुकड्यांची टोकं तिला गोल हवी होती. रेघेची जाडी होती ६. तिने टोकं गोल केली आणि तुटक रेघ जवळजवळ सलग झाली, कडेला बारीक खाचा उरल्या तेवढ्याच. आम्ही दोघी बघतच राहिलो. चारचा आकडा तर जागेवर होता! मग कळलं, की गोल टोक तुकड्याच्या मापात धरलेलंच नसतं. ते जाडीच्या निम्मं बाहेर येतं. इकडून ३, तिकडून ३. चारची जागा उरणार कुठून? तिने टोकांना हात लावला नाही. ४ चे १२ केले आणि तुकडे सुटे झाले.

मला माझी जेवणाची सुट्टी आठवली. अर्धा तास असते, कागदावर अगदी स्पष्ट. पण सकाळच्या कामाचं टोक तिच्यात शिरतं: ‘एवढा एक फोन करून घेते.’ पलीकडून दुपारच्या मीटिंगचं टोक येतं आणि डबा उघडा ठेवून मी कागद चाळते. संध्याकाळीही तेच. मूल शाळेतलं काही सांगायला धावत येतं, आपण घरात आलेलो असतो, पण डोकं अजून ऑफिसातच असतं. यात कुणाचा दोष नाही. कामात जीव ओतणाऱ्याची टोकं गोलच असतात, आणि जितकं काम जाड तितकी ती जास्त बाहेर येतात. ती छाटायला गेलं तर काम नुसतं उरकल्यासारखं होतं. मी आपली आता जागाच वाढवून धरते. पाच मिनिटं हवी असतील, तर दहा.

आज डबा भरून झाला, की लगेच चपला घालू नका. खिडकीपाशी थोडं बसा. घरच्या कामाचं टोक आधी तिथे संपू द्या. मग निघा.