चामडं दमायचं

शेवगावात लग्नसराईत डीजेची गाडी निघाली की मला एकच प्रश्न पडतो: आवाज थांबवायचा कुणी?

पूर्वी हे काम वस्तूच करायच्या. हलगीचं चामडं सैल पडलं की वाजवणारे जाळ करून ती शेकायला बसायचे. तेवढा वेळ गल्ली शांत. पुढे स्पीकर आले, पण जास्त ताणलं की कागदी कोन फाटायचा नाहीतर कॉइल जळायची. आता टॉपमधला पडदा टायटॅनियमचा असतो. कॉइल गुंडाळायची नळी प्रचंड उष्णता सोसणाऱ्या पॉलिमाइडची. १९८०च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकांनी स्पीकरचं वजन इतकं घटवलं की ट्रकवर टॉपची भिंतच उभी राहते.

एक गोष्ट मात्र तीच राहिली. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी. जन्मतः एका कानात साधारण १५,००० असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मोबाईलचा सिलिकॉनचा माइक निदान तक्रार तरी करतो. डीजेसमोर काढलेल्या व्हिडिओत आवाज फाटलेला असतो, तो त्यामुळेच. कान तेव्हा काहीच बोलत नाही. घरी गेल्यावर शिट्टी वाजत राहते.

कायदा आहे. २०००च्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि १०५ म्हणजे ५५च्या दुप्पट नव्हे. तीव्रता १ लाख पट.

हलगीचे दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. ती वाजवणं काही जातींवर लादलेलं होतं, आणि जी शांतता मिळायची ती त्यांच्या दुखऱ्या हातांतून. शिवाय तेव्हाही कुणी तान्ह्या बाळाचा विचार करून थांबत नव्हतं. चामडं थांबायचं, म्हणून माणसं थांबायची. थांबायची सवय आपल्याला कधी लागलीच नाही, आणि आता वस्तूंनीही ते काम सोडलंय.

डीजेवाला म्हणतो, पार्टीला हवंय. पार्टी म्हणते, पोरांना हवंय. पोरं म्हणतात, मागच्या वरातीपेक्षा कमी कसं चालेल? छातीत घुमणाऱ्या बेसची मजा मलाही कळते, त्यामुळे पोरांना नुसतं रागावणं मला जमत नाही. पण कडेच्या घरात पडून असलेल्या म्हातारीला या साखळीत कुणी विचारतच नाही.

तसा या गाड्यांच्या यंत्रणेत लिमिटर असतो. आवाज ठरावीक पातळीपुढे गेला की तो दाबतो. ती पातळी ठरवतात स्पीकरची कॉइल जळू नये म्हणून.